लेकीचा दात आणि उंदीरमामा

मंडळी, फ्लॅटमध्ये राहून पोरांचे पडलेले दात तुम्ही कुठे टाकता? आज आमच्यावर ती वेळ आली.

आमच्या मोशीच्या सोसायटीत काळे उंदीर गाड्यांच्या वायरी कुरतडतात. ग्रुपवर सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता, म्हणून आज पेस्ट कंट्रोलवाला आला. आणि आजच लेकीचा पहिला दात पडला.

आई म्हणाली, "बिळात टाकून या. उंदीरमामा नवा देईल."

लहानपणी कासारवाडीच्या पत्र्याच्या घरात हे किती सोपं होतं. मामा रात्रभर वाशांवरून पळायचे. आई त्यांना शिव्या घालायची, आणि आमचा दात पडला की त्यांच्याचकडे हात जोडून नवा मागायची.

पार्किंगमधल्या बिळापाशी गेलो, तर पेस्ट कंट्रोलवाला तिथे औषध टाकायच्या तयारीत. लेकीने मूठ उघडून दात दाखवला. तो बाजूला झाला. "ठेव बाळा. आमच्या गावाकडंबी असंच करत्यात."

दात ठेवून ती म्हणाली, "पप्पा, नवा दात येईपर्यंत तरी मामाला मारू नका ना."

मी ग्रुपवर विचारलं, "तेवढं एक बीळ सोडता येईल का, राव?" वाटलं, सगळे हसतील.

सेक्रेटरींचं उत्तर आलं, "सोडा. माझ्या नातीचाही दात हलतोय."