अडलेलं समीकरण

मुलीच्या शाळेत ओल्या फळ्याचा वास आला आणि राजूरचा आमचा दहावीचा वर्ग आठवला. रसायन आईच शिकवायची. त्या दिवशी तिनं बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सल्फेटचं द्रावण ओतून तळाशी बसणारा पांढरा साका दाखवला. मग फळ्यावर समीकरण लिहिलं आणि संतुलित करताना अडली. उजवीकडे सोडियम क्लोराइडच्या आधी फक्त दोन लिहायचा होता.

"मॅडम, तिथं दोन पायजे," मागून एक मुलगा म्हणाला.

"कुठं रे?"

वर्ग हसला. मला वाटलं, दमली असेल. तिच्या विसरण्याची ती सुरुवात होती, हे आता कळतं.

हातात खडू तसाच धरून ती माझ्या बाकापाशी आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "सायले, घरी जाऊ या का गं?"

तास संपायला अजून बराच वेळ होता.