मोटारीला बसवलेला साटा

माझ्या काकाजींकडे मोटार होती. पण ती घरच्या माणसांसाठी चालावी अशी त्यांची फारशी इच्छा नसे. बदलून गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली, कापडी टपाची, पितळी दिव्यांची जुनी टुरिंग गाडी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभारात होता आणि दौऱ्यावर आलेला प्रत्येक लहानमोठा अंमलदार त्या गाडीच्या मागच्या गादीवर बसून गेला होता. नायब तहसीलदार बसले, देवीची लस टोचणारे बसले, एकदा फौजदारांचा कुत्रासुद्धा बसला. काकू तेवढी बसली नव्हती.

"तुले माहेरी मोटारीनं नेतो," असा शब्द काकाजींनी तिला दिला त्याला बारा वर्षं झाली होती. माहेर मोताळ्याला, आमच्या गावापासून जेमतेम चार कोस. दरवर्षी काकू बैलगाडीतूनच जायची आणि दरवर्षी तिची भावजय दारातच विचारायची, "मोटर घरी दाव्याले बांधून आल्या काय, ननंदबाई?" काकू हसायची. त्या हसण्यानं कांदा चिरता आला असता.

मग टप कुजला, गादीत उंदरांनी संसार मांडला, आणि त्याच हंगामात काकाजींनी मलकापूरला एक दृश्य पाहिलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जीनसमोर कापसाच्या बैलगाड्या दोन दोन दिवस रांगेत उभ्या, आणि एका व्यापाऱ्याची लॉरी मात्र धूळ उडवत सरळ फाटकातून आत. काकाजी घरी आले ते मोटारीची लॉरी करायचं ठरवूनच. गावात लॉरी करणारा कोणी नव्हता. बैलगाड्या करणारा सुतार होता. त्यालाच बोलावलं.

सुतारानं मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या, मागच्या आसावर थाप दिली आणि म्हणाला, "सोपं हाये, पाटील. हा आस, त्यावर साटा. अर्धा आसाच्या पुढं, अर्धा मागं."

साटा म्हणजे बैलगाडीच्या चाकांवर बसते ती लाकडी चौकट.

"अन् पुढची दोन चाकं?" मी विचारलं.

"ते बैलं समजा."

मी नागपूरला इंटर सायन्सला दोनदा नापास होऊन घरी आलो होतो, म्हणजे गावातला सर्वांत मोठा शास्त्रज्ञ मीच. मोटार चालवायचंही मीच शिकलो होतो. काकाजींनी विचारलं, "तुह्यं सायन्स काय म्हन्ते?" सायन्सनं मला कधीच काही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "हो म्हणते."

करवत मागच्या गादीजवळ आली तेव्हा काकू ओसरीवर येऊन उभी राहिली.

"माह्या बसाची जागा कापून राह्यले काय?"

सुतार थांबला. चार गडी थांबले. एवढ्या माणसांसमोर बायकोनं शब्दाची आठवण द्यावी हे काकाजींना मानवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी घाईत दुसरा शब्द दिला. "पुढची सीट शाबूत हाये ना. पयल्या खेपेले तू पुढं बस. मलकापूरची वाट मोताळ्यातूनच जाते."

"ऐकलं काय रे?" काकूनं गड्यांना विचारलं. गड्यांनी माना हलवल्या. साक्षीदार झाले.

पहिल्या खेपेच्या दिवशी कापूस पायांनी तुडवून तुडवून साट्यात भरला. साटा मागे इतका लांब निघाला होता की मोटार पुढून घोडा आणि मागून कडब्याची गंजी दिसत होती. नारळ फुटला. आमच्याकडे पहिल्या कापसाबरोबर मालकानं स्वतः जीनपर्यंत जायची रीत आहे. काकाजी रेशमी फेटा बांधून आले आणि पाहतात तो पुढच्या सीटवर काकू, जरीचं लुगडं नेसून, मांडीवर शिदोरी घेऊन.

"मी कुठं बसू?"

"साटा तुमीच बसवला," काकू म्हणाली.

काकाजी कापसावर चढले. निघालो. गावाबाहेरच्या नाल्यातून वर चढताना एकाएकी माझ्यासमोरचा रस्ता नाहीसा झाला आणि आभाळ आलं. मोटारीची पुढची चाकं हात-दीड हात वर उचलली गेली होती. मी चक्र फिरवत होतो आणि चाकं हवेत इमानदारीनं वळत होती.

सुतार मागून धावत आला. बैलगाडी मागे जड होऊन पुढून उचलली गेली, तर तिला उलाळ झाली म्हणतात आणि त्यावर उपाय एकच. पुढं माणूस बसवायचा. "उलाळ झाली, पाटील. उतरा अन् धुरेवर बसा."

"मोटारले धुरा कुठं आली बे?"

सुतारानं इंजिनाच्या झाकणाकडे बोट केलं. काकाजींनी काकूकडे पाहिलं. काकूनं काचेतून समोर पाहिलं.

"तू पुढं येतं काय?" त्यांनी हळूच विचारून पाहिलं.

"मले सीट देल्ली हाये. चार मानसांत."

शेवटी झाकणावर गोणपाट घालून काकाजी बसले. दोन्ही हातांनी दोन पितळी दिवे धरले. चाकं जमिनीला टेकली. मोताळ्याचा त्या दिवशी बाजार होता, हे मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

बाजारातून आम्ही पावलापावलानं गेलो. एक म्हातारा काकाजींना न्याहाळून म्हणाला, "नजर लागू नये म्हून बांधले काय यायले?" काकाजींनी मान वळवली नाही. वळवली असती तर फेटा गेला असता.

काकूच्या भावाचं घर चढावर होतं. मी दारासमोर गाडी उभी केली. काकू सावकाश उतरली, पदर नीट केला. ती उतरताच पुढची चाकं किंचित थरथरली, आणि काकाजींनी दिवे घट्ट धरले.

"जावईबापू समोर काऊन बसले?" भावजयीनं विचारलं.

"त्याईले वारं लागते," काकू म्हणाली आणि आत गेली.

मी चाकांखाली दगड लावले, पण पुढून उठणाऱ्या गाडीला दगड काय करणार. काकाजी उतरले की कापूस भावाच्या दारात सांडणार, हे त्यांना समजलं होतं. त्यांनी आत हाक मारली, "चाल न व, जीन बंद होईन."

दारातून चहा आला. जावई म्हणून बशीत ओतून, वर लाडू. झाकणावरच दिला. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मग काकू दारात आली.

"उतरू नका जी," ती म्हणाली. "वयनी भजे तळून राह्यल्या."