केतकीची टकटक

केतकीचं बोट टेबलापासून दोन इंच वर थांबलंय.

आमच्या बाहुलीनाट्याच्या गटात तोंडानंच बोललं पाहिजे अशी सक्ती नाही. कुणी चिठ्ठी लिहितं, कुणी चित्र काढून दाखवतं. केतकी टेबलावर वाजवते. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नको. आमच्या शाळेत गप्प बसलं की सर खेकसायचे, "तोंडात बोळा कोंबलाय का रे?" त्या सरांची नक्कल मी झकास करतो. तशी मी सगळ्यांचीच करतो.

गेल्या आठवड्यात गट चालवणाऱ्या मीनाताईंनी विचारलं, "केतकी, प्रयोगात पडद्यापुढे येशील?" ती विचार करत होती. मी मागच्या बाकावर एकदा टक केलं. गंमत म्हणून.

"अरे वा! हो म्हणाली की!" म्हणत ताईंनी नाव लिहूनही टाकलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या दंग्यात केतकीनं दोनदा वाजवलेलं कुणाला ऐकूच गेलं नाही. मला दिसलं होतं. मी हसत होतो.

सरांची कितीही नक्कल केली तरी सरांचा आवाज सरांकडेच राहायचा. केतकीकडे त्या टकटकीशिवाय काय होतं?

आज मी ताईंना सगळं सांगितलं. ताई केतकीला पुन्हा तेच विचारतायत, "सावकाश सांग गं. घाई नाही." पंखा तेवढा कुरकुरतोय. बोट तसंच वर आहे. केतकी टेबलाकडे बघतच नाहीये, माझ्या हातांकडे बघतेय.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलोय. टक अजून वाजलेलं नाही.