माझ्या वर्षाचा कुत्रा

स्वतःच्या मुलांना भेटायला मला व्हिसा काढावा लागतो. नोकरी गेली तसा सिंगापूरला राहायचा पासही गेला आणि मी पुण्याला परतलो. बायको रॅफल्स प्लेसला बँकेत होती, ती तिथेच राहिली. मुलं तिच्याजवळ राहिली. पुढे आम्ही रीतसर वेगळे झालो. आता मी तिथे टूरिस्ट असतो आणि मुलांना कुठे न्यायचं ते टूरिस्टासारखं पुण्यात बसून मोबाइलवर शोधतो.

या वेळी चिनी बाग शोधली होती. तळं, दगडी पूल, उंच मनोरा. सेंगकांगला त्यांच्या ब्लॉकखाली मुलं माझ्या हवाली करताना त्यांची आई म्हणाली, "जूनच्या सुट्टीत पुण्याला यायचं का, ते तूच विचार त्यांना. हो म्हणाली तर पाठवते. माझी हरकत नाही."

तिची हरकत कधीच नसते. फक्त मुलं येत नाहीत.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी दोघांना बागेचं भरभरून वर्णन ऐकवलं. नऊ वर्षांचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. सहा वर्षांची मुलगी मात्र मन लावून ऐकत होती. आत शिरताच तिने माझा हात ओढला. "बाबा, धिस वे लाह! कासवं इकडे असतात."

"तुम्ही आधी आलायत इथे?"

"मेनी टाइम्स," मुलगा म्हणाला. "अंकल ब्रिंग्ज अस."

अंकल म्हणजे त्यांच्या आईचा मित्र. तो आहे हे मला ठाऊक होतं. तो बागेतही माझ्या आधी पोचलाय, हे ठाऊक नव्हतं. मग मी मुकाट्याने मुलांच्या मागे हिंडलो. कुठल्या पुलावरून मासे दिसतात, मनोरा कुठून चढायचा, सगळं ती दोघंच मला दाखवत होती. संताप येत होता आणि काढायला समोर कोणी नव्हतं. आइसक्रीम घेतलं की पुण्याचं विचारू, असं ठरवलं.

पुढे चिनी वर्षांचे बारा दगडी प्राणी रांगेत होते. जन्मसालाप्रमाणे प्रत्येकाचा एक. मुलगा माकडापाशी धावला, मुलगी डुकरापाशी. मुलाने माझं साल विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "डॉग."

कुत्रा मुलीच्या डुकराला अगदी लागून. काय सांगू, मला केवढा आनंद झाला! लगबगीने जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नको, बाबा," मुलगी म्हणाली. "तो अंकलचा आहे. तू दुसरा घे ना."

"सेम इयर," मुलाने खुलासा केला. त्यालाही जरा वाईट वाटलं असावं, कारण त्याने लगेच शेजारचा कोंबडा दाखवला. "हा कोणाचाच नाहीये."

मी कोंबड्यापाशी उभा राहिलो. जाणाऱ्या एका बाईंनी आमचा फोटो काढून दिला. त्यात माझ्या आणि मुलीच्या मध्ये कुत्रा आहे. त्याच्यापाशी कोणी नाही, पण जागा धरून ठेवलेली दिसते.

आइसक्रीम खाल्लं. संध्याकाळी ब्लॉकखाली त्यांच्या आईने विचारलं, "बोललास का जूनचं?"

राहून गेलं, असं मी म्हणालो. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. मला भीती वाटली होती. मुलगी आनंदाने हो म्हणाली असती आणि पाठोपाठ तिने विचारलं असतं, "अंकलपण येणार ना?"