पाऱ्याविना मलम

बी.एस्सी. होऊन मी उचगावच्या एका छोट्या सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात लागले, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं सगळ्यात खपणारं मलम वांगावरचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळ्या डागांवरचं. त्यात पारा असायचा.

कारखान्यात दूध घालणाऱ्या वहिनींच्या गालांवर बाळंतपणानंतर वांग उठलं होतं. मीच त्यांना एक डबी दिली. आठवड्यानं त्या आल्या त्या लालबुंद, सोललेले गाल घेऊन. डबी टेबलावर आपटून म्हणाल्या, "ताई, ह्ये औषध हाय का चुना?"

मला तोंड वर करवेना. तशीच उठून मालकांकडे गेले. "यातला पारा काढायला हवा."

"मग डाग काय मंत्र म्हणून घालवणार?" ते म्हणाले. पण दर रविवारी प्रयोगाला खोली वापरू दिली.

ज्येष्ठमधानं वर्ण उजळतो, हे वैद्य पूर्वापार सांगत आलेले. पण पाण्यात उकळलेला अर्क चार दिवसांत आंबायचा. मग मुळ्या स्पिरिटमध्ये भिजवल्या, गाळल्या, स्पिरिट उडवलं. पिवळसर, टिकाऊ अर्क हाती आला. पण मलमात घातला की मलम फाटायचं. अकरा घाणे फेकले. बाराव्या वेळी गरम मलम आधी कोमट होऊ दिलं आणि अर्क थेंबाथेंबानं घालत घोटत राहिले. मलम लोण्यासारखं एकजीव झालं. महिनाभर स्वतःच्या हाताला लावलं. ना खाज, ना आग.

वहिनींकडे जायला मात्र छाती होईना. शेवटी गेले. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकाच गालाला लावते. जळलं तर दुसरा तरी ऱ्हाईल की!"

कुठल्या शास्त्रज्ञालाही याहून चोख कसोटी सुचली नसती.

तीन महिन्यांनी त्या थेट मालकांच्या खोलीत शिरल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. "मालक, कुठल्या गालाला लावलंय, वळखा बघू!"

मालकांनी चष्मा पुसला, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून. मग उजव्या गालाकडे बोट केलं.

"व्हय की!" वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून दाराशी जमल्या. "आता डाव्याचं द्या!"

मालक माझ्याकडे वळले. "पाऱ्याचं मलम आजपासून बंद. तुमच्या मलमाची कृती कागदावर लिहून काढा."

मी लिहायला बसले. घाईत अक्षर वेडंवाकडं येत होतं. पण आयुष्यात इतकं सुंदर पान मी पुन्हा कधी लिहिलं नाही.