बहिऱ्या कानातली हाक

प्रिय रुथ आणि अमोल,

परवा व्हिडिओ कॉलवर रुथने विचारलं, "आजी, तू मधेच डावीकडे का बघतेस? तिथे कोण आहे?" मी विषय बदलला. पण तुम्ही आता मोठे झालात, आणि असा आजार कुणालाही होऊ शकतो, म्हणून नीट लिहून पाठवते. तिथे कोणी नसतं. मला हाक येते.

सांगलीच्या डॉक्टरांनी कानाच्या तपासणीचा आलेख माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "आजी, डावा कान गेलाय." आजाराचं नाव सडन सेन्सोरिन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाच्या आतला, ऐकण्याचा भाग अचानक काम सोडतो. साताऱ्याला घरी एका सकाळी कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. सर्दी असेल म्हणून मी आठवडा घालवला. तुम्ही तसं करू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नुसतं बहिरेपण मी सोसलं असतं. पण पोळ्या लाटताना त्याच मेलेल्या कानात कोणीतरी "शांते" म्हणालं. एकदाच, अगदी स्वच्छ. मला शांते म्हणणारं आता जगात कोणी नाही. आणि तो आवाज त्या गेलेल्यांपैकीही कुणाचा नव्हता.

डॉक्टरांना हे सांगायला मला धीर करावा लागला. ते शांतपणे म्हणाले, "याला ऑडिटरी हॅलुसिनेशन म्हणतात. कानाकडून काही येत नाही, मग मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. वेड नाही हे." कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय केला. यंत्राची ठकठक उजव्या कानात चालली होती. डावीकडे शांतता होती, आणि त्या शांततेतून पुन्हा, "शांते."

गाठ निघाली नाही. स्टेरॉइडसाठी मला वॉर्डात ठेवलं.

मला भीती वेगळीच होती. कान जायच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं, "आजाऱ्यांच्या भेटीचं काम तुम्ही घ्याल का?" म्हणजे इस्पितळात जायचं, खाटेशी बसायचं, त्या माणसासाठी प्रार्थना करायची. छापलेली प्रार्थना मी चोख वाचते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पण समोरच्याचा हात धरून मनाने प्रार्थना करायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. "विचार करून सांगते," मी म्हणाले होते. आणि मग ही हाक. देवाचीच असेल, तर न ऐकणारा कान आणि न वळणारी जीभ त्याने का निवडावी? आजाराचीच असेल, तर मी ओ कुणाला देणार?

शेजारच्या खाटेवर दहिवडीकडच्या सोनाबाई होत्या. घशात कॅन्सर. त्यांची लॅरिंजेक्टमी ठरली होती, म्हणजे स्वरयंत्रच काढून टाकायचं. आवाज आधीच चिरका झाला होता, तरी बोलायची हौस दांडगी. मी सारखी डावीकडे वळते हे त्यांनी लगेच टिपलं.

"कोन हाक मारतंय का बाई तुमाला?"

मी हो म्हणाले.

"किती येळा?"

"एका वेळी एकदाच."

त्या उठून बसल्या. "मग ओ दिऊ नगा. तसली असत्यात ती एकदाच हाक मारत्यात. मानसाची हाक तीनदा असती."

"डॉक्टर म्हणतात, तो आजार आहे."

"आसंल की. आजाराला तरी कशापायी ओ द्याची?" मी हसले. मग त्या म्हणाल्या, "उद्या माजा आवाज जानार. तुमच्या देवाला सांगा की माज्यासाटी."

"मला सांगता येत नाही हो असं."

"मला तरी कुटं ईतंय? म्हनून तर तुमाला म्हंते."

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

सकाळी त्यांना थिएटरकडे नेताना मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी होते. "बाई" अशी हाक आली. मी हलले नाही. डावीकडून की उजवीकडून, तेच कळेना. एका कानाने दिशा कळत नाही. पुन्हा "बाई". मग थोडं थांबून, फाटलेल्या आवाजात, सगळा जोर लावून तिसऱ्यांदा, "बाई."

मी "ओ" म्हणाले आणि वळले. ट्रॉली दारात थांबली होती. सोनाबाईंनी तीन बोटं दाखवली. मी जाऊन त्यांचा हात धरला आणि प्रार्थना केली. दोन वाक्यं, तीही अडखळत, व्याकरण चुकलेली. वॉर्डबॉय थांबला. सोनाबाईंनी डोळे मिटले होते. त्यानंतर त्यांचा आवाज कोणीही ऐकलेला नाही.

घरी आल्यावर मी पाळकसाहेबांना हो म्हटलं. मला प्रार्थना करता यायला लागली म्हणून नव्हे. अजूनही जमत नाही. बोलावणाऱ्याला ते आधीच ठाऊक असावं, एवढंच मी धरून चालते.

सोनाबाई बऱ्या आहेत. सांगलीला तपासणीच्या दिवशी आमची गाठ पडते, तेव्हा त्या वहीवर लिहीत नाहीत, टाळी वाजवून मला बोलावतात. डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही. "शांते" ही हाक स्टेरॉइडनंतर थांबली, ती थांबलीच.

आता त्या कानात "बाई" अशी हाक येते. चिरक्या आवाजात, तीनदा. सोनाबाईंचा आवाज आता तेवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक आहे.