उजवा कान बंद होता तेव्हाचं गाणं

त्या सकाळी उठले तेव्हा उजव्या कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं वाटलं. बोट घालून पाहिलं, मान तिरकी करून पाहिली. स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या आणि तो आवाज फक्त डाव्या बाजूने येत होता. मी हळूच त्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तरी आवाज डावीकडूनच आला.

आमचं घर तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथला. पुढे नवऱ्याचं किराणा दुकान, मागे आम्ही राहतो. अगदी मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांना लागून माझं टेबल आणि त्यावर लॅपटॉप. त्यावर मी गाण्यांचे ताल बनवते. गाणारे लोक आपलं गाणं फोनवर म्हणून पाठवतात, मी त्याला ढोल, डफ, झांज बसवून देते, मग ते आदिलाबादच्या स्टुडिओत जाऊन त्यावर गातात. पडद्यावर चौकोनांच्या ओळी असतात, एक ओळ ढोलाची, एक डफाची, एक झांजेची. ज्या चौकोनावर खूण कराल तिथे ठोका पडतो. माहेरी भजनात तबल्याजवळ बसून हात बसला होता. हे लॅपटॉपचं काम लग्नानंतर एकटीनेच शिकले, दुपारी दुकान बंद असायचं आणि सासूबाई झोपलेल्या असायच्या तेव्हा.

पण कानाच्या आधीच माझं काम आटत चाललं होतं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, अमक्या गाण्यासारखाच ठोका पाहिजे. मग मी जुना ताल उचलायची, वेग कमीजास्त करायची, मध्ये एखादा ढोलाचा गडगडाट टाकायची आणि देऊन टाकायची. कुणी तक्रार केली नाही. पूर्वी एका गाण्यासाठी दुपार पुरायची नाही. आता चहा निवायच्या आत ताल तयार व्हायचा, आणि बनवून झाला की मला तो पुन्हा ऐकावासाही वाटायचा नाही.

तक्रार केली ती एका अक्काने. ती नार्नूरची, शेती करणारी, माझ्याहून बरीच मोठी. माहेर पैनगंगेच्या काठचं. नदीवर धुणं धुताना बायका काय काय बोलतात त्यावर तिने स्वतः गाणं रचलं होतं. तिला मी दोनदा ताल पाठवला आणि दोन्ही वेळा तिने परत केला.

"बराबर हाय सगळं," ती फोनवर म्हणाली, "पण मले याच्यावर गाताच येत नाई."

"काऊन? वेग जास्त हाय का?"

"नाई व. वेग ठीक हाय. काय होते ते मले सांगता येत नाई."

मला राग आला होता. स्टुडिओवाल्याने तिला दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती, त्यानंतर तो लग्नसराईत अडकणार होता. आणि त्यातच कान गेला.

त्या सकाळी नवऱ्याने दुकान उघडलंच नाही. मला मोटरसायकलवर बसवून थेट आदिलाबादला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून बाजूच्या काचेच्या खोलीत पाठवलं. कानावर जाड हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचं झटपट झालं. उजव्याला काहीच येईना. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. मग वाटलं, आता येऊन गेला असेल. दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. माझ्या नकळत मी डाव्या कानाच्या वेळचा ठेका धरला होता आणि त्यावर बटन दाबत होते.

तपासणाऱ्या मुलीने दार उघडलं. "अम्मा, अंदाज से मत दबाओ," ती म्हणाली. "मैंने तो अभी आवाज दिया ही नहीं."

तेव्हा मला रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाले, कानाची नस अचानक कमजोर झाली आहे. असं कुणालाही होतं, कारण दरवेळी सापडत नाही. गोळ्या दिल्या. "दो हफ्ते देखेंगे. आ भी सकता है, नहीं भी. तब तक हेडफोन बंद, बड़ी आवाज बंद."

घरी आल्यावर नवऱ्याने लॅपटॉप उचलला, वायर गुंडाळली आणि दुकानातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"डॉक्टरनं हेडफोन बंद सांगतला, लॅपटॉप नाई," मी म्हणाले.

"तुले मी ओळखतो," तो म्हणाला. "समोर असला का तू बसशीन."

सासूबाईंचं म्हणणं, हे त्या डबड्यामुळेच झालं. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही हे मी दोनदा समजावलं. पण मलाच खात्री नव्हती. इतकी वर्षं रोज कानात ढोल वाजवून घेतला, मग कान रुसला तर नवल काय, असं मनात यायचं. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली होती, ती थांबत नव्हती. सकाळ झाली की मी उजव्या कानाजवळ दोन बोटं चोळून पाहायची. काही नाही. दुपारी पुन्हा. सासूबाई माझ्याकडे पाहत आहेत असं दिसलं की हात केसांकडे न्यायची. घरात सगळे हळू बोलायला लागले होते, त्यामुळे डाव्या कानालाही कमीच ऐकू यायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी अक्काचा फोन आला. नवऱ्याने घेतला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती दुसऱ्याकडून करून घेईल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच दारात उभी, उटनूरला बस बदलून आलेली, पिशवीत वांगी.

ती खाली बसली, पाणी प्याली. मग माझ्याकडे सरकून म्हणाली, "मी गाऊन दाखवू का? हळूच गाईन."

"आवाज बंद सांगतला तिले डॉक्टरनं," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

"मोठा आवाज बंद सांगतला ना माय? मी तिच्या कानात नाई गात. पाठीत गाते."

मला काही कळेना. तिने मला भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध बसवलं आणि माझ्या पाठीला पाठ लावून स्वतः बसली. म्हणाली, लहानपणी तिची आई अशी बसून तिला निजवायची. मग तिने गायला सुरुवात केली, कुजबुजल्यासारखी.

डाव्या कानाला शब्द जेमतेम येत होते. पण पाठीला सगळं येत होतं. खालचा स्वर लागला की माझ्या बरगड्यांत घुमायचा. मी मांडीवर बोटाने ठेका धरला. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिची पाठ एकदम फुगली आणि मला पुढे ढकलून गेली. तिने श्वास घेतला होता, चांगला भरपूर, पाण्यात बुडी मारायच्या आधी घेतात तसा. मग चौथी ओळ.

"थांब," मी म्हणाले. "पुन्हा म्हण."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या ओळीनंतर पाठ फुगली. नेमक्या त्याच जागी मी ढोलाचा गडगडाट ठेवला होता. दोन्ही वेळा. प्रत्येक गाण्यात ठेवते तसा, हात आपोआप तिथे जातो म्हणून. तिला तिथे श्वास घ्यायचा असायचा आणि माझा ढोल तिच्या छातीवर बसायचा. फोनवरच्या आवाजात तो श्वास मला ऐकू आला नव्हता, किंवा मी ऐकलाच नव्हता.

किती दिवसांनी मला काही करून पाहावंसं वाटत होतं, आणि करायला हातात काही नव्हतं. मी मांडीवर वाजवत राहिले. श्वासाच्या जागी हात उचलून धरायचा, चौथ्या ओळीच्या पहिल्या अक्षराला ठेवायचा. मनातल्या मनात डफ कमी केला. नदीवर धुणं आपटल्यासारखा एक ठोका ढोलाच्या मागून थोडा उशिरा येऊ दिला, कारण अक्का गाताना तशीच किंचित मागे रेलत होती. सासूबाई दारात बसून होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "आता बरा वाटून राह्यला." मग आपण बोललो याचाच त्यांना राग आल्यासारख्या उठून आत गेल्या.

संध्याकाळी नवरा आत आला तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. त्याने आधी अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता हिला घालवून देतो.

"डॉक्टरले फोन लावतो," तो म्हणाला.

तो बाहेर जाऊन बोलला. परत आला तो लॅपटॉप घेऊनच. "हेडफोन नाई. छोटा स्पीकर, डाव्या बाजूनं. आवाज मी ठेवीन तेवढाच. आन् रोज थोडाच वेळ."

मग तसंच झालं. तो स्टुलावर बसायचा, आवाजाच्या बटनावर बोट ठेवून. मी चौकोनांत खुणा करायची. अक्काच्या श्वासाच्या जागी मी सगळ्या ओळींतले चौकोन रिकामे ठेवले. झांजेचा आवाज मला नीट कळत नव्हता, तेव्हा तोच सांगायचा, "टोचते," किंवा "ठीक हाय." आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. पण मध्येच त्याचं लक्ष माझ्या कानाकडे जायचं आणि विचारायचा, "काई येऊन राह्यलं का?" मी नाही म्हणून मान हलवायची. तो पुन्हा बटनाकडे पाहायचा.

स्टुडिओवाला अक्काला म्हणाला, इथे ठोका सुटला आहे, भरून देऊ का? अक्काने सांगितलं, सुटला नाही, माझ्यासाठी सोडला आहे. तिने गाणं पहिल्याच खेपेला नीट म्हटलं आणि तिथूनच मला फोन लावला. पण मी त्या वेळी पुन्हा काचेच्या खोलीत बसले होते, हातात बटन घेऊन.

या वेळी मी बोट बटनापासून दूर ठेवलं. काही न मोजता बसायचं ठरवलं, ते फार कठीण गेलं. मग कुठून तरी जाडा, दबलेला आवाज आला. उजवीकडून. मी दाबलं. दार उघडलं नाही. आणखी एक आला. मग बारीक आवाजांची पाळी आली असावी, कारण बराच वेळ काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, खालचे आणि मधले आवाज बरेचसे परत आले आहेत. वरचे आले नाहीत, आता येतील असं वाटत नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं. बाहेर आल्यावर आम्ही बस स्टँडसमोर चहा प्यालो.

शिट्टी अजून आहे. पंखा सुरू असला की कमी वाटते. झांज अजून नवराच ऐकून देतो, आणि हेडफोन मी परत लावला नाही. आता कुणी गाणं फोनवर पाठवलं की मी सांगते, घरी येऊन म्हणा. बायका पाठीला पाठ लावून बसतात. मागच्या महिन्यात गुडीहत्नूरचा एक गाणारा आला, त्याला तसं कसं सांगणार? त्याला दुकानात गिऱ्हाईकांसमोर उभं करून गायला लावलं. तो लाजून दोनदा चुकला. पण कुठे दम घेतो ते दिसलं, आणि संध्याकाळी मी कामाला बसले.